जाणाऱ्या पांखरांची नोंद

वसंत ऋतु आला कीं पक्षी परत येतात, हें वाक्य शाळेंत शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानांवरून केव्हां तरी गेलेलें असतें. इंग्रजी वाचनपुस्तकांत तें हमखास आढळतें, आणि तेथून तें आमच्या निबंधांतहि उतरतें. ज्या देशांत तें प्रथम लिहिलें गेलें तेथें तें खरेंहि आहे. हिंवाळाभर मुकें झालेल्या रानांत एखाद्या सकाळीं पहिली भिंगरी दिसते, आणि सारा गांव एकमेकांस ती वार्ता सांगतो. परंतु कोरेगांवच्या शिवारांत उभें राहून हेंच वाक्य म्हणून पाहावें, म्हणजे तें येथें किती उलटें आहे हें ध्यानांत येतें. माघ सरून फाल्गुन लागला, पळस फुलला, जोंधळ्याचीं कणसें खळ्याकडे निघालीं, कीं आमच्याकडील पाहुणे पक्षी परत येत नाहींत. ते परत जातात.

या लेखांत आम्ही हीच गोष्ट थोड्या विस्तारानें सांगणार आहों. वसंताच्या आरंभीं आमच्या शिवारांतून कोण जातो, कोण गेल्यासारखा वाटून मुळींच गेलेला नसतो, आणि जो खरोखर परत येतो तो केव्हां येतो, हे तीन प्रश्न प्रथम पाहूं. मग जाणाऱ्याची नोंद कशी ठेवावी, आणि ती ठेवणें अगत्याचें कां आहे, याचा विचार करूं.

आरंभीं आपला मुलूख ध्यानीं आणला पाहिजे. कोरेगांव हें सातारा जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण तीळगंगा नदीच्या कांठीं, पुणें-मिरज लोहमार्गावर वसलेलें आहे. साताऱ्याकडून येतांना वाटेंत कृष्णा लागते, आणि जरंडेश्वराचा डोंगर दृष्टीस पडतो. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचा जो मारा असतो तो पूर्वेकडे येतां येतां झपाट्यानें ओसरतो. तालुक्याच्या पलीकडे खटाव-माणांत तर अवर्षणाचा टापूच सुरू होतो. म्हणून येथें नदी-ओढ्यांच्या कांठीं काळी जमीन, तिच्यावर खरिपांत घेवडा व रब्बींत जोंधळा, गहूं, हरभरा. पाटाच्या पाण्याखालीं ऊंस व आलें. आणि वर चढत गेलें म्हणजे मुरमाड, कुसळी गवताचे माळ, असे तीन प्रकार एका दिवसाच्या पायपिटींत पाहावयास मिळतात. प्रत्येक ठिकाणचें पांखरूं निराळें. पक्ष्यांचा अभ्यास करणारास याहून अधिक सोयीची शाळा क्वचितच मिळेल.

जाणाऱ्यांत पहिला मान भोरडीचा. हिला कोणी पळसमैना असेंहि म्हणतात. आकारानें साळुंकीएवढी, अंग गुलाबी, डोकें, पंख व शेपूट काळीं, आणि माथ्यावर मागें झुकलेला तुरा. पावसाळा सरण्याच्या सुमारास हिचे थवे आमच्याकडे उतरूं लागतात आणि चैत्राच्या सुमारापर्यंत राहतात. जोंधळा दाण्यावर आला म्हणजे हा थवा ढगासारखा शेतावर उतरतो, आणि मचाणावर उभा असलेला राखणदार गोफण फिरवून व हाळी देऊन दमून जातो. त्यामुळें शेतकऱ्याच्या तोंडीं भोरडीचें नांव प्रेमानें येत नाहीं, व त्यांत त्याचा दोषहि नाहीं. परंतु फाल्गुनांत हीच भोरडी पळसावर, पांगाऱ्यावर आणि सांवरीवर पाहावी. फुलाच्या पेल्यांत चोंच घालून ती मध पिते. परागांनीं तिचें कपाळ माखतें, आणि तेंच कपाळ घेऊन ती दुसऱ्या झाडावर जाते. झाडास फळ धरण्याच्या कामीं तिचें हें साह्य केवढें मोलाचें आहे! दाण्याचे दिवस संपल्यावरहि ती कांहीं काळ राहते ती या मधासाठीं व गवतांतील किड्यांसाठीं. या दिवसांत ती भराभर खाऊन अंगांत चरबी साठविते. तीच तिची पुढील वाटेची शिदोरी होय.

मग एके दिवशीं थवे उत्तर-पश्चिमेकडे निघतात. त्यांचें घर मध्य आशियांत, कझाकस्तानाच्या व त्याच्या आसपासच्या गवताळ मैदानांत आहे. तेथें मे-जूनच्या सुमारास दगडांच्या राशींत व कपारींत हजारोंच्या वस्त्या करून भोरड्या अंडीं घालतात, आणि पिलांस टोळ व नाकतोडे भरवितात. टोळांचा नाश हा तेथील गवताच्या रक्षणाचा मोठाच उपाय असल्यामुळें, चीनच्या शिंजियांग प्रांतांत लोक या पक्ष्यांसाठीं मुद्दाम दगडविटांच्या भिंती रचून त्यांत घरट्यांसाठीं जागा ठेवतात. म्हणजे जें पांखरूं कोरेगांवास चोर ठरतें तेंच चार महिन्यांनीं तेथें रखवालदार ठरतें. एखाद्या प्राण्याच्या आयुष्याचें एकच टोंक पाहून त्याचा निवाडा करूं नये, हा पहिला धडा भोरडी आपणांस शिकविते.

भोरडीचा थवा कोणाच्याहि नजरेंत भरतो. बाकीचे प्रवासी मात्र मुकाट्यानें जातात. हिंवाळाभर परड्यांत व पडक्या भिंतीवर शेपटी थरथरवीत बसणारा थिरथिरा घ्या. काळा-तांबूस रंगाचा हा लहान पक्षी फाल्गुन-चैत्रांत केव्हां निघून जातो हें घरच्या मनुष्यासहि कळत नाहीं. ओढ्याच्या कांठीं शेपटी वरखालीं हालवीत धांवणारे धोबी पाहा. त्यांपैकीं पिवळा धोबी माघापर्यंत मळकट दिसतो. फाल्गुनांत त्याचीं पिसें बदलतात, नराचें पोट हळदीसारखें पिवळें होतें, व लग्नाचा पोषाख चढवूनच तो उत्तरेकडे प्रयाण करतो. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. धोब्यांची एक मोठी जात, पांढऱ्या भुवईची, आमच्याच नदीकांठीं बारा महिने राहणारी आहे. ती चैत्रांत दिसली म्हणून पाहुणे धोबी गेले नाहींत असें अनुमान करणें चूक ठरेल. माळावर गवताच्या शेंड्यांलगत संथपणें तरंगणारे भोंवत्या नांवाचे शिकारी पक्षीहि याच दिवसांत निघतात. नाकतोडे, उंदीर व लहान पांखरें हें त्यांचें अन्न. रात्रीं ते झाडावर न बसतां माळावरील गवतांतच मुक्काम करतात. त्यांच्यांतील अनेकांचीं घरटीं कझाकस्तानाच्या मैदानांत असतात. कोरेगांवचा माळ आणि तें मैदान, हे एकाच पक्ष्याच्या घराचे जणूं दोन सोपे आहेत.

आतां भिंगरीकडे वळूं. ज्या पक्ष्यामुळें वसंतागमनाचें तें इंग्रजी वाक्य जन्मास आलें तो हाच पक्षी. कार्तिकापासून माघापर्यंत विजेच्या तारांवर सकाळीं ओळीनें बसलेल्या भिंगऱ्या आपण पाहतों. पाठ निळसर काळी, गळा तांबडा, शेपटीस दोन लांब टोंकें. फाल्गुनांत ही ओळ विरळ होऊं लागते, आणि चैत्रांत तारा ओस पडतात. आमच्याकडील भिंगऱ्या हिमालयाच्या बाजूस व त्याच्याहि पलीकडे उत्तर आशियांत जातात. इंग्लंडांतील भिंगऱ्या आफ्रिकेंतून घरीं परततात. दिवस जवळजवळ तेच, पक्ष्याची जात तीच. परंतु एका मुलखांत ज्यास आगमन म्हणतात त्यास दुसऱ्या मुलखांत निर्गमन म्हणावें लागतें. पुस्तकांतील वाक्य खोटें नाहीं. तें लिहिणारा कोठें उभा होता एवढेंच वाचणाऱ्यानें विसरूं नये.

पक्षी दूर देशीं जातात हें आज आपण सहज म्हणतों. पण मनुष्यास हें ज्ञान फार सायासानें झालें आहे. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल हा निरीक्षणाचा केवढा पुरस्कर्ता! तरी भिंगऱ्या हिंवाळ्यांत बिळांत दडून राहतात, असें त्यानें लिहून ठेवलें, आणि उन्हाळ्यांतील एक पक्षी हिंवाळ्यांत दुसऱ्याच पक्ष्याचें रूप घेतो असेंहि तो मानी. दोन हजार वर्षांनंतर इंग्लंडांतील सेल्बोर्न या खेड्यांत गिल्बर्ट व्हाइट नांवाचा एक उपाध्याय राहत असे. त्यानें आपल्या एका गांवच्या पशुपक्ष्यांची वर्षानुवर्षें टिपणें ठेविलीं, आणि १७८९ सालीं तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. तें पुस्तक आजहि वाचलें जातें. तरीसुद्धां कांहीं भिंगऱ्या थंडींत येथेंच कोठें तरी निद्रिस्त राहत असतील, ही शंका त्याच्या मनांतून शेवटपर्यंत पुरती गेली नाहीं. याचें कारण उघड आहे. गेलेला पक्षी कोठें गेला हें गांवांत बसून दिसत नाहीं.

ही अडचण दूर केली ती एका शाळामास्तरानें. डेन्मार्कमधील व्हीबोर्ग गांवचे शिक्षक हान्स मोर्टेन्सन यांनीं १८९९ सालीं १६५ पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची क्रमांक घातलेली कडीं चढवून त्यांस सोडून दिलें. हे पक्षी आमच्या भोरडीच्याच कुळांतील होते. कडें ज्यास सांपडेल त्यानें कळवावें, एवढीच कल्पना. पण तिनें या शास्त्राचा पाया घातला. १९११ सालच्या मे महिन्यांत इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यांत जॉन मेसफील्ड या गृहस्थांनीं एका भिंगरीच्या पायांत असेंच कडें घातलें. १९१२ च्या डिसेंबरांत ती भिंगरी दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांतांत सांपडली. नऊ हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर! बिळाची व निद्रेची गोष्ट त्या एका कड्यानें निकालांत काढली. आपल्या देशांत १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें हें काम हातीं घेतलें; १९५९ पासून डॉक्टर सालिम अली यांच्या देखरेखीखालीं तें मोठ्या प्रमाणावर झालें, आणि भरतपूरच्या पाणथळांत कडीं घातलेलीं बदकें सैबेरियांत सांपडल्याचें कळलें. पुढें पक्ष्याच्या पाठीवर लहानसें यंत्र बसवून उपग्रहाच्या साह्यानें त्याचा माग काढतां येऊं लागला. पट्टकादंब नांवाचा हंसवर्गीय पक्षी हिंवाळ्यांत भीमेवरील उजनीसारख्या आमच्या जलाशयांवर येतो व उन्हाळ्यांत तिबेट-मंगोलियाकडे जातो. हिमालय ओलांडतांना तो सात हजार मीटरांहूनहि अधिक उंची गांठतो हें या यंत्रांनींच दाखवून दिलें.

परंतु पक्ष्यांस निघण्याची वेळ कोण सांगतो? ऊन वाढलें, अन्न आटलें म्हणून ते जात असतील, असें सहज वाटतें. पण तें सर्वस्वीं खरें नव्हे. फाल्गुनांत आमच्या शिवारांत मध आहे, किडे आहेत, दाणाहि आहे. तरी पाहुणे निघतात. कॅनडांतील एडमंटन येथें विल्यम रोवन या प्राणिशास्त्रज्ञांनीं १९२४ सालीं एक प्रयोग आरंभिला. चिमणीएवढ्या प्रवासी पक्ष्यांस त्यांनीं ऐन हिंवाळ्यांत उघड्यावरील पिंजऱ्यांत ठेविलें, आणि सायंकाळीं विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस थोडा थोडा लांबविला. बाहेर कडाक्याची थंडी असतांहि त्या पक्ष्यांच्या शरीरांत वसंतांत व्हावयाचे तेच पालट झाले. यावरून दिवसाची लांबी हें पक्ष्यांचें एक मोठें घड्याळ आहे असें ठरलें. कोरेगांवीं लहानांत लहान दिवस सुमारें अकरा तासांचा, आणि मोठ्यांत मोठा तेरा तासांहून थोडा अधिक. हा वाढता दिवस आपणांस फारसा जाणवत नाहीं. पांखरांच्या रक्तांत मात्र त्याची नोंद होते. शिवाय त्यांच्या शरीरांत वर्षाचें आपलें असें एक चक्रहि असतें. दिवसाच्या लांबीनें तें वेळेवर लागतें.

मग त्यांनीं येथेंच घरटीं कां करूं नयेत? त्याचेंहि उत्तर दिवसाच्याच लांबींत आहे. मध्य आशियांत ज्येष्ठाच्या सुमारास दिवस पंधरा तासांहून मोठा असतो, आणि बर्फ वितळून गेलेल्या मैदानांत किड्यांचें अमाप पीक येतें. पिलांस भरविण्यास वेळहि अधिक, अन्नहि अधिक. तेवढ्यासाठीं हजारों कोसांचा धोका हे जीव पत्करतात. हिंवाळ्यांत तेंच मैदान गोठलें कीं आमचा उबदार माळ त्यांस अन्न देतो. यांत परकें कोण आणि घरचें कोण? सहा-सात महिने जो पक्षी आमच्याकडे राहतो त्यास पाहुणा म्हणावें कीं रहिवासी, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां दुसरा प्रश्न. जे परत आल्यासारखे वाटतात पण गेलेलेच नसतात, त्यांचा पुढारी कोकिळ होय. फाल्गुनांत आंब्याच्या मोहरांतून पहिली कुहू ऐकूं आली कीं कोकिळा परत आली असें आपण म्हणतों. यांत दोन गोष्टी तपासून पाहण्यासारख्या आहेत. गाणारी कोकिळा नसून कोकिळ असतो. नर काळाभोर व गाणारा, मादी तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली, व तिचा आवाज तुटक आणि कर्कश. कवींनीं गाणें मादीच्या नांवें केलें, त्यास निसर्गाचा आधार नाहीं. दुसरें असें कीं, तो कोठें गेलेला नव्हता. मार्गशीर्षांत उंबराच्या किंवा पिंपळाच्या फळलेल्या झाडाखालीं घटकाभर स्तब्ध उभें राहावें. पानांआड फळें खाणारा तोच काळा पक्षी दिसेल. हिंवाळ्यांत तो मुका असतो, एवढेंच. आपण पक्ष्यांस कानांनीं ओळखतों व डोळ्यांनीं शोधीत नाहीं, म्हणून मौनास आपण अनुपस्थिति समजतों. कावळ्यांचीं घरटीं चैत्र-वैशाखांत तयार व्हावयाचीं असतात, व कोकिळेस अंडीं तेथेंच घालावयाचीं असतात. म्हणून या दिवसांत त्याला कंठ फुटतो. तांबटाचेंहि तसेंच. ऊन तापूं लागलें कीं त्याची तांब्यावर हातोडी पडल्यासारखी टुक-टुक सुरू होते. पण तो हिरवा, लाल कपाळाचा पक्षी वर्षभर त्याच उंबरावर असतो. भल्या पहांटे शीळ घालणारा दयाळहि याच वर्गांतला.

पाहुणे निघत असतां घरच्यांची लगबग सुरू होते, हें फाल्गुनाचें दुसरें अंग आहे. टिटवी उघड्या माळावर खड्यांच्या मधोमध चार अंडीं घालते. तीं खड्यांशीं इतकीं मिळून जातात कीं पाय पडेपर्यंत दिसत नाहींत. वेडा राघू ओढ्याच्या दरडींत लांब बीळ कोरून त्याच्या टोंकास घरटें करतो. या दिवसांत माळावर फिरणाऱ्यानें पायाखालीं पाहून चालावें, टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालूं लागली तर हट्टानें अंडीं न शोधतां मागें फिरावें, आणि दरडीच्या तोंडाशीं बसून राहूं नये. घरटें पाहण्याच्या हौसेनें घरटें उधळलें गेलें, तर तो अभ्यास नव्हे.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर असें, कीं खरें पुनरागमन आमच्याकडे दोनदां होतें, आणि त्यांपैकीं एकहि वसंताच्या आरंभीं नाहीं. पहिलें मृगाच्या सुमारास. चातक आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून पावसाच्या आगेंमागें येथें येतो, व दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यांत अंडीं घालून पुढें निघून जातो. दक्षिण हिंदुस्थान व सिंहलद्वीपाकडे हिंवाळा काढणारा नवरंगहि त्याच वेळीं सह्याद्रीच्या झाडींत येतो. हे पक्षी विणीसाठीं आमच्याकडे येतात. म्हणून इंग्लंडांतील भिंगरीचें स्थान आमच्याकडे द्यावयाचेंच तर चातकास द्यावें. आमचा पांखरांचा वसंत पावसाबरोबर येतो. दुसरें पुनरागमन भाद्रपद-आश्विनांत. भोरडी, धोबी, थिरथिरा, भिंगरी, तुतवार हे सर्व तेव्हां येऊं लागतात. पुढें खटाव तालुक्यांतील मायणीच्या तलावावर रोहित पक्षी उतरतात. कच्छच्या रणांत वीण करणारा हा लांब पायांचा पक्षी पाणी उथळ असेल तरच चरूं शकतो. मायणीच्या पाणथळास शासनानें २०२१ सालीं पक्ष्यांसाठीं राखीव म्हणून मान्यता दिली.

येथवर जें सांगितलें त्यावरून आमच्या मुलखांतील अभ्यासाची खरी अडचण ध्यानांत येईल. येणारा पक्षी आपणहून नजरेंत भरतो. काल नव्हता, आज आहे. मनुष्य लगेच तिथि लिहून ठेवतो. जाणाऱ्याचें तसें नाहीं. तारेवर आज तीन भिंगऱ्या होत्या. त्या शेवटच्या होत्या हें आज कोणासहि ठाऊक नसतें. उद्यां, परवां, आठ दिवस तार रिकामी दिसल्यावर तें मागाहून कळतें, आणि तोंवर शेवटची भिंगरी कोणत्या दिवशीं पाहिली हें आठवत नाहीं. म्हणून पहिलें दर्शन टिपण्यास चौकस दृष्टि पुरते. शेवटचें दर्शन टिपण्यास मात्र रोज लिहिण्याची शिस्त लागते. वसंताच्या आरंभीं कोरेगांवचा पक्षिमित्र जें शिकतो तें हेंच.

ही नोंद ठेवण्यास साहित्य थोडें लागतें. एक वही, एक पेन्सिल, आणि रोज सकाळीं चालण्याची एक ठराविक वाट. वाट लहान असावी, पण तींत थोडें पाणी, थोडें शेत व थोडा माळ यावा. वहींत दिनांक, वेळ, ठिकाण, पक्ष्याचें नांव, अदमासें संख्या, आणि तो काय करीत होता हें लिहावें. नांव ठाऊक नसेल तर रंग, चोंच, शेपटी व आवाज यांचें वर्णन लिहावें. अंदाजानें नांव ठोकून देऊं नये. पळस केव्हां फुलला, जोंधळ्याची काढणी केव्हां झाली, वळीव केव्हां पडला, हेंहि त्याच पानावर असावें. कारण पक्ष्यांचें जाणेंयेणें या गोष्टींशीं निगडित असतें. आणि सर्वांत महत्त्वाचें, जें दिसलें नाहीं तेंहि लिहावें. 'आज थिरथिरा नाहीं' ही ओळ पोरकट वाटते. पण अशा आठ ओळी ओळीनें आल्या म्हणजेच तो गेल्याचा पुरावा तयार होतो. हल्लीं अशीं टिपणें 'ई-बर्ड' नांवाच्या जगव्यापी संग्रहांत कोणासहि घालतां येतात, व शास्त्रज्ञ त्यांचा उपयोग करतात. तथापि हातची वही सोडूं नये. एका वर्षाच्या वहीनें थोडें कळतें. दहा वर्षांच्या वह्या एकापुढें एक ठेविल्या म्हणजे भोरडी लवकर जाऊं लागली कीं उशिरां, थवे वाढले कीं घटले, हें कळूं लागतें.

हें सर्व कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्या माळानेंच दिलें आहे. माळढोक हा मोठा, जड अंगाचा, गवतांत राहणारा पक्षी एके काळीं दक्षिणेच्या माळरानांवर आढळत असे. सोलापूरजवळ नान्नज येथें त्याच्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य करण्यांत आलें. तरी आज साऱ्या देशांत त्याची संख्या दोनशेंहूनहि कमी राहिली आहे. ज्या ज्या गांवच्या माळावरून तो नाहींसा झाला, त्या गांवीं तो शेवटचा कोणत्या दिवशीं दिसला हें विचारलें तर सांगणारा मिळणार नाहीं. कोणी दुष्टपणानें तें लपविलें नाहीं; त्या दिवशीं कोणी लिहिलें नाहीं, इतकेंच. भिंगरी गेली तर आश्विनांत परत येईल, हा भरंवसा आपणांस आहे. पण परत येण्यासाठीं जाणें आणि कायमचें जाणें, हीं दोन्ही त्या दिवशीं डोळ्यांस अगदीं सारखींच दिसतात.

आणि माळ तर दिवसेंदिवस आखडत आहे. पाण्याखालीं आलेल्या जमिनींत ऊंस उभा राहिला, यांत शेतकऱ्याचें हित आहे, आणि त्यास नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु उरलेल्या माळास सरकारी दप्तरांत व आपल्या बोलण्यांतहि पड जमीन म्हणण्याची जी रीत पडली आहे ती मात्र विचार करण्यासारखी आहे. ज्या गवतांत कझाकस्तानचा भोंवत्या रात्र काढतो, जेथें टिटवी अंडीं घालते, जेथील नाकतोड्यांवर शेंकडों जीव जगतात, ती जमीन पडलेली कशी? बांधावरचा एक पळस तोडतांना सरपणाचा हिशेब आपण करतों. फाल्गुनांत त्याच्यावर उतरणाऱ्या थव्याचा हिशेब कोणी मांडलेला नसतो, म्हणून तो कोणी विचारांत घेत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत तो हिशेब असेल, तर उद्यां तलावाचें किंवा माळाचें कांहीं करावयाचें निघालें असतां बोलण्यास आधार राहील. हळहळीनें काम होत नाहीं. दिनांक व संख्या लागते.

यंदाच्या फाल्गुनांत, जोंधळा खळ्यावर असतांनाच, प्रत्येकानें एक वाट ठरवावी व एकच पक्षी निवडावा. भिंगरी सर्वांत सोयीची. तारेवर बसते, मोजतां येते. तो रोज दिसला कीं नाहीं तें चैत्र संपेपर्यंत लिहावें, आणि मग पानें मागें उलटून त्याच्या शेवटच्या दर्शनाचा दिनांक काढावा. भाद्रपद लागला कीं तीच वही पुन्हां उघडावी, आणि पहिल्या दर्शनाचा दिनांक त्याच्या शेजारीं लिहावा.